पूजेतले पाने

निपाणीच्या हायवेवर आमचं गॅरेज. पाटीवर नाव मारुतीरावांचं, म्हणजे आमच्या ह्यांचं. गाडीखाली अंग माझ्या दिराचं, परशरामचं. कंबर धरल्यापासून हे खुर्चीत बसून हुकूम सोडायचे. हुकूम सोडायला कंबर लागत नाही.

गेल्या दसऱ्याच्या तोंडावर शहापूरच्या साडीवाल्या मालकांची ऑटोमॅटिक गाडी आली. गिअरबॉक्स उतरवून दुरुस्त झाला होता. त्याचं हौसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, इंजिनाला परत बसवायचं तेवढं राहिलं होतं. मालकांनी शब्द दिला होता, हे काम नीट झालं की ते बेळगावात काढणार होते ते नवं वर्कशॉप परशरामच्या हाती. माझी जाऊ सौम्या तर मुलांसाठी तिकडची शाळाही बघून आली होती. मला आनंद झाला. ह्यांच्या मात्र घशाखाली घास उतरत नव्हता.

खंडेनवमीला मी पेटीतले नटबोल्ट आवळायचे सगळे पाने धुऊन मांडले, हळदकुंकू वाहिलं. त्या दिवशी आमच्यात हत्याराला हात लावत नाहीत. आणि नेमका मालकांचा फोन आला, उद्या दसऱ्याला गाडी पाहिजेच.

"शेजारच्या टायरवाल्याची बोल्ट आवळायची गन आण," हे म्हणाले. "त्याची पूजा सांजंला हाय. आपल्या पान्याला हात लागला न्हाय म्हंजे झालं."

देवाच्या डोळ्यांत धूळ फेकायची ही आमची तऱ्हा.

परशरामनं जॅकवर गिअरबॉक्स चढवला. हौसिंग इंजिनाला टेकेना. बोटभर फट राहिली.

"अण्णा, आतला कन्व्हर्टर पुरता बसला न्हाय. खाली घ्यून परत बसवतो. हौसिंग हातानंच टेकाय पाहिजे."

"बोल्ट घाल. गननं ओढून घे."

"फुटंल की! बोल्टनं ओढायचं न्हाय, हे तुमीच शिकवलं न्हवं?"

"आता मीच सांगतोय."

थोरल्यापुढं बोलायची आमच्या घरात रीत नाही. आग लागो त्या रीतीला! परशरामनं गन लावली. पान्यानं आवळताना कुठं थांबायचं ते हाताला कळतं. गनला काय कळणार? कडकन आवाज झाला. आतला पंप फुटला, हौसिंगला तडा गेला.

दुसऱ्या दिवशी मालक आले. हे खुर्चीतूनच म्हणाले, "काय करायचं मालक, धाकट्यानं घाई केली."

मी हातातला चहा खाली ठेवला. "खोटं हाय. ह्यांनीच करायला लावलं. तो नगं म्हणत होता."

मालकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. "वैनी, तुमी आत जावा. गड्यांच्या कामातलं तुमाला काय कळतंय?"

वर्कशॉप दुसऱ्याला गेलं. परशराम बायकोमुलांना घेऊन जांबोटीला सासुरवाडीत गेला. तिथं परक्याच्या शेतात भात लावतो. असला हात, आणि चिखलात! माझा जीव तुटतो.

तो गेला त्या दिवशी मी ह्यांना विचारलं, "फुटणार हे तुमास्नी ठावं होतं न्हवं?"

हे म्हणाले, "त्यो बेळगावला गेला असता, तर आपल्या गाडीखाली कोण गेलं असतं गं?"

यंदा खंडेनवमीला हे म्हणाले, पाने धुऊन मांड. मी पेटी उघडली. गेल्या वर्षीचं कुंकू एकाही पान्यावरून पुसलं गेलं नव्हतं. पेटी तशीच उचलली आणि ह्यांच्या खुर्चीपुढं नेऊन ठेवली.