पिवळ्या स्टिकरखालचा तडा

“मॅडम, या नळीवर पट्टा आवळू नका. ही गोल नाही,” स्वारगेटजवळच्या सायकल दुकानातल्या केदारने बजावले होते.

उत्कर्षा हसली. “अरे, माझी पोरगी अकरा किलोची आहे. हत्ती नाही बसवायचा!”

मित्रांनो, ती नळी माझी होती. घड्याळाशी शर्यत लावणाऱ्या सायकलची मी जुनी कार्बन फ्रेम. साध्या सायकलीच्या नळ्या गोल असतात. माझ्या पाण्याच्या थेंबासारख्या आहेत, पुढे गोलसर आणि मागे निमुळत्या, म्हणजे वारा न अडखळता सरकतो. वायरी माझ्या पोटात लपलेल्या. सीटखालची नळी मागच्या चाकाला बिलगून वळलेली. तिची भिंत पातळ आहे. चालवणाऱ्याचा भार ती पेलते, पण बाजूने आवळलेले सोसत नाही!

उत्कर्षाने माझ्यावर तीन पदके जिंकली. तेव्हा मी हॉलमध्ये टांगलेली असे. तिची लेक मैत्री जन्मली आणि मी बाल्कनीत, कांद्यांच्या टोपलीशेजारी. एके दिवशी तिच्या नवऱ्याने, अभिनवने, मैत्रीसाठी छोटी सीट आणून पट्टा आवळला. सीट हलत होती, म्हणून आणखी आवळला.

कट्ट!

दोघांनीही ऐकले. केसाएवढा तडा गेला होता.

मैत्रीला त्यांनी बसवले नाही, हे बरेच केले. पण मग तड्यावर पिवळे स्टिकर चिकटवून, फोटो काढून, ‘अगदी नव्यासारखी’ म्हणून मला विकले! आपली तेवढी पोर, दुसऱ्याची कोण?

निकिता मला न्यायला आली, तेव्हा उत्कर्षाने सांगायला तोंड उघडले होते. मग म्हणाली काय, तर “हवा भरून घे हं.”

निकिताचे वडील, कचरू, मार्केट यार्डात हमाली करतात. ते रोज म्हणतात, “बाळा, हळू चालव.”

“पप्पा, हळूच चालवायची असती तर ही कशाला घेतली असती?”

रविवारी तिची शर्यत आहे. कोपरे हँडलवर टेकून, मान खाली घालून ती सराव करते. प्रत्येक पायडलसरशी तडा वाढतो आहे, आणि ओरडायला मला तोंड नाही.

तुम्हाला आहे ना, मित्रांनो? तुमच्या ओळखीत कुणी जुनी शर्यतीची सायकल घेतली असेल, तर आजच त्यांच्याकडे जा. स्टिकर सोलून बघा. आणि निकिता भेटली, तर तिला खाली उतरवून घरापर्यंत सोबत चालत जा.