कडेवरचं नाणं

नाणं बाळाच्या ओठांपासून बोटभर लांब होतं तेव्हा ओरिसियानं ते हिसकावून घेतलं — पाच सेंटचं, लाळेनं ओलं, सोफ्याखालून कधी घरंगळत आलं कोण जाणे — आणि बाळानं भोकाड पसरलं तरी ती त्या नाण्याकडेच पाहत राहिली, कारण असंच एक नाणं नऊ वर्षांपूर्वी वर्ननं तिच्या डोळ्यांसमोर धरलं होतं. वर्न म्हणजे झोरिया गावातल्या आइस हॉकीच्या रिंकवर स्केट्सना धार लावणारा म्हातारा. धार लावली की पात्याच्या दोन कडांवर तो नाणं आडवं ठेवायचा. सरळ राहिलं की कडा सारख्या. त्या दिवशी त्यानं ते धार लावण्याआधीच ठेवलं, तारासच्या डाव्या स्केटवर... आणि ते आतल्या बाजूला कललं.

"महिन्यात तिसऱ्यांदा," वर्न म्हणाला होता. "तुझा भाऊ डावा पाय चोरतोय, पोरी. खुबा असणार. निवडीआधी डॉक्टरला दाखव."

"वर्न, तुम्ही लोखंड बघा. पाय आमचा आम्ही बघू."

आणि ती हसली होती. वीस वर्षांची, कॉलेजातून सुट्टीला आलेली, दोन पुस्तकं जास्त वाचलेली — काय तो तोरा! पण मलाच का सांगितलंस म्हाताऱ्या, तिच्या मनात आजही उसळलं, आईला सांगायचंस, कोचला सांगायचंस, तारासची मानगूट धरून विचारायचंस... नाणं तिच्या मुठीत रुतत होतं.

आज जूनमधला शेवटचा शुक्रवार. निवडीचा दिवस. एकेक व्यावसायिक हॉकी संघ आळीपाळीनं अठरा वर्षांची पोरं नावानं उचलणार, आणि मधल्या जाहिराती संपल्या की टीव्हीवाले दरवर्षीप्रमाणे ती जुनी फीत लावणार — फसलेल्या निवडींची. सकाळी दुकानात गल्ल्यावरच्या ग्लेंडानं विचारलंच होतं, "काय गं, यंदा कुणाचा हनात्युक होतोय?"

हनात्युक. त्यांचं आडनाव. आजोबांनी बोटीतून आणलेलं, आता या लोकांच्या तोंडी चुकलेल्या निवडीचं नाव.

"तुझ्या नवऱ्याचा झालाय म्हणे," ओरिसिया म्हणाली. "घरी जाऊन बघ."

ग्लेंडा हसली. सगळे हसतात. त्या वर्षी, चौथ्या फेरीत तारासचं नाव आलं तरी नवस फेडू, असं आई म्हणत होती आणि पहिल्याच फेरीत, बाराव्या क्रमांकावर, संघाच्या माणसानं मंचावर त्याचं नाव वाचलं. पडद्यावरचे दोघे जाणकार कागद उलटत राहिले. "तारास... कोण?" एकजण म्हणाला, आणि दुसरा फिसकन हसला. ते हसू आईच्या घरी, तळघरात टीव्हीसमोर जमलेल्या कुणाला ऐकूच आलं नाही. आईच्या हातातलं पिरोगींचं, त्या उकडलेल्या करंज्यांचं, ताट जमिनीवर, बाहेर गाड्यांचे भोंगे, आणि तारास सोफ्यावर तसाच बसलेला, कारण सभागृहात जाण्याइतकी त्याची गणतीच नव्हती. संघाची टोपी पाच दिवसांनी कुरियरनं आली. निवडीआधीच्या डॉक्टरी तपासणीलासुद्धा मोजक्या नावाजलेल्या पोरांना बोलावतात. त्याला बोलावलं नव्हतं. म्हणजे सगळ्या जगात त्याचा पाय तपासलेला एकच माणूस होता. धारवाला. आणि त्याचं ऐकलेली एकच बाई... मी.

एक्केचाळीस सामने. खुब्यावर दोन शस्त्रक्रिया. आता तो सस्कटूनला टायरच्या दुकानात कामाला आहे आणि तळघरातल्या दोन खोल्यांत एकटा राहतो. सकाळपासून तिनं त्याला चार फोन केले होते; त्यानं एकही उचलला नव्हता.

आईचा फोन आला. "टीव्ही लावू नकोस हं."

"तुझा उचलला का त्यानं?"

"कामावर असेल."

"दुकानात विचारलं मी. गेलाच नाही आज."

"गेल्या वर्षीसुद्धा असंच केलं होतं त्यानं. रविवारी बोलला की नाही नीट?"

"नीट बोलला नव्हता, आई. 'ठीक आहे' म्हणाला होता!" ती ओरडली तशी मांडीवरची तान्ही लेस्या दचकली, आणि आईनं हळूच फोन ठेवला.

तिनं टीव्ही लावला. आवाज बंद करून. फीत आलीच — कागद उलटणारे दोघे, ते फिसकन उघडलेलं तोंड, आणि मग अठरा वर्षांचा तारास डावीकडून वळताना... तिनं लेस्याला छातीशी घट्ट धरलं. वळताना त्याचा डावा पाय अर्धा क्षण मागं राहत होता. स्पष्ट. नऊ वर्षं लाखो लोक हे पाहून हसताहेत आणि पायाकडे कुणी पाहत नाही — हरामखोरांनो, पाय बघा ना! — आणि मग तिच्या लक्षात आलं की तीही दरवर्षी त्या हसणाऱ्या तोंडाकडेच बघत आली होती. तोंडावर चिडणं सोपं होतं.

पाचवा फोन. त्याचा ध्वनिमुद्रित आवाज, मग टूं.

"तारास, मी बोलतेय. वर्ननं सांगितलं होतं मला. तुझ्या पायाचं. निवडीच्या आधी. मी..." लेस्यानं फोनवर हात मारला, तो बंद पडला. किती गेलं असेल त्याच्यापर्यंत? आणि हे ऐकून तो... आजच, एकटा असताना, हे का सांगितलं मी?

माझा राग कुठं गेला ते मला कळत नाही. हात रिकामे झाल्यासारखे वाटताहेत. नवरा गाडी घेऊन शेतावर आहे, सस्कटून तीन तासांवर. तुम्ही त्या बाजूला असाल तर एवढं करा — एव्हेन्यू एच, निळं घर, तळघराचं दार मागच्या बाजूनं आहे. ठोठावा. तो "ठीक आहे" म्हणेल. तेवढ्यावर परत फिरू नका. त्याला दारापर्यंत चालत येऊ द्या, आणि बघा.