दोन बोटं जास्त

मास्तरांनी जन्मात कापडाखेरीज काही कापलं नव्हतं. फार तर कांदा, तोही वाकडा. त्यांनी शिवलेला सदरा घातला की माणसाचं पोट निम्मं दिसे, म्हणून सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणे. पण साधा खिळा ठोकायचा तर भिंतीआधी त्यांचा अंगठाच हातोडीखाली यायचा. अशा माणसाने एका सकाळी सासऱ्यांना म्हटलं, "मामा, मला कपाट करायला शिकवा."

त्याला कारण होतं. मामांची सगळी हयात सुतारकामात गेलेली. सासूबाई गेल्यावर ते एकटेच राहत होते. न्हाणीघरात घसरून पडले, तेव्हा लेकीने हट्टाने इथे आणलं. आता हात थरथरायचे, करवत धरवत नव्हती, आणि "लेकीच्या घरी किती दिवस बसून खायचं?" हे पालुपद रोज चहाबरोबर चालू व्हायचं. पुन्हा त्या रिकाम्या घरात जाऊन पडले तर उचलणार कोण, या काळजीने बायकोच्या घशाखाली घास उतरत नव्हता. मास्तरांचाही म्हाताऱ्यावर जीव जडला होता. पण 'इथेच राहा' असं जावयाने सासऱ्याला सांगायचं कसं?

"शिकवतो," मामा म्हणाले. "स्वयंपाकघरात खिडकीखाली, दोन भिंतींच्या मधे बसेल असं एका दाराचं कपाट. ते झालं की मी निघणार. मग अडवायचं नाही."

झालं! करायला गेलो एक आणि झालं भलतंच. पण आता माघार कुठली?

मामा खुर्चीत बसून हुकूम सोडू लागले. "जावईबापू, करवत दाबू नका, तिचं काम तिला करू द्या." "गुण्या लावा, काटकोन नुसत्या डोळ्याला कळत नसतो." सरावाची पहिली फळी अशी कापली गेली, की तिच्यावरून लिंबू घरंगळत गेलं असतं. मामा कपाळाला हात लावायचे, चिडायचे, आणि दुपारी पोटभर जेवायचे. बायको ते चोरून बघायची.

खऱ्या फळ्या कापायच्या दिवशी नेमकं मामांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. मापं सांगून ते लेकीबरोबर गेले. मास्तरांनी एकट्याने सगळ्या फळ्या कापल्या, आणि चक्क सरळ कापल्या. परत आल्यावर मामांनी कडांवरून बोट फिरवून "हं" केलं. त्यांचा "हं" म्हणजे दुसऱ्या कुणाचं भाषण. मग गोंद, स्क्रू, बिजागऱ्या झाल्या. प्रत्येक कोपऱ्याला गुण्या तंतोतंत बसला. दार अलगद मिटलं.

आणि कपाट खिडकीखाली जाईना. आडवं धरलं, तिरकं धरलं, मास्तरांनी पोट आत घेऊन ढकललं. मामांनी टेप मागवला आणि एकेक फळी मापली.

"प्रत्येक फळी चारी बाजूंनी दोन बोटं जास्त," ते शेवटी म्हणाले. "मुद्दाम केलंत ना? मी जाऊ नये म्हणून?"

त्यांच्या पाठीमागून बायको जोरजोरात मान हलवत होती: हो म्हणा, हो म्हणा! फुकटचं पुण्य दाराशी आलं होतं. मास्तरांना मोहही झाला.

"नाही हो मामा," ते म्हणाले. "शिलाईसाठी सोडलं. कापड कमी पडलं तर गेलं, जास्त असलं तर आत दुमडता येतं. हात आपोआपच तसा गेला. मुद्दाम चुकायला आधी बरोबर करता यायला हवं ना?" मग हळूच म्हणाले, "पण तुम्ही जाऊ नये, असं मला वाटतं. फार वाटतं."

मामांनी कपाटावर थाप मारली. "लाकूड दुमडणार होतात?" म्हणाले, आणि हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, मग डोळे पुसू लागले, ते पुसतच राहिले.

"बाबा, याचं आता काय करायचं?" बायकोने विचारलं. "मोडायचं?"

"मोडायचं? इतकं काटकोनात बसलेलं? माझ्या खोलीत ठेवा. कपडे लावतो त्यात."

इतके दिवस तिला ते 'ती आतली खोली' म्हणत होते. बायकोने एक बाजू उचलली, मास्तरांनी दुसरी, आणि मामा पुढे होऊन खोलीचं दार धरून उभे राहिले.