मागची पट्टी

दुकानात गाणी ऐकायचा रिसीव्हर घ्यायला आलेला माणूस आधी काय करतो, माहीत आहे? ऐकत नाही. सेट फिरवतो आणि मागची पट्टी वाचतो. कुठल्या देशात बनला ते एकदा कळलं की याचे कान मिटले. पट्टी तिकडची असली की ‘वा, आवाज बघा कसा भरदार!’ आणि इकडची असली की ‘ठीक आहे, पण जरा कोरडाच वाटतो.’ अरे बाबा, अजून बटण तरी दाबलंयस का?

मी रिसीव्हरच्या कारखान्यात ऐकायच्या कामाला आहे. लाइनवरून तयार होऊन आलेला सेट खोक्यात जाण्याआधी माझ्या खोलीत येतो. खोलीत जाड पडदे, दोन स्पीकर आणि एक खुर्ची. मी पास म्हटलं की पास, नाही म्हटलं की परत. कारखान्यात सगळे मला कानशेठ म्हणतात, अगदी तोंडावर. मला त्याचं काही वाटत नाही. बायको गेल्यापासून मला कशाचंच फारसं काही वाटत नाही, हे सरळ सांगून टाकतो. ऐकू सगळं येतं, फक्त आत काही जात नाही. लोक म्हणतात, मजा आहे बुवा तुमची, दिवसभर गाणी! कसली डोंबलाची गाणी? आमच्या खोलीत गाणं लावतच नाहीत.

गाणं लबाड असतं. चांगलं गाणं कसल्याही डबड्यावर बरं वाटतं. म्हणून आमच्या जुन्या लोकांनी स्वतःच एक ध्वनिफीत करून ठेवली होती, तीच अजून चालते. त्यात कुणीतरी खुर्ची सरकवतं, टेबलावर किल्ल्या ठेवतं, ग्लासात पाणी ओततं आणि शेजारच्या खोलीत एक बाई हसते आणि हसायची थांबते. संपलं. पण त्यात सगळं कळतं. पाणी काठाकडे येताना आवाज चढत जातो. सेटमध्ये खोट असेल तर ग्लास भरतच नाही, नुसतं पाणी पडत राहतं.

माझी धाकटी बहीण त्याच कारखान्यात सोल्डरिंगच्या टेबलावर आहे. मी तिला धाकटीच म्हणतो. नवऱ्याने हात झटकल्यापासून ती आणि तिची लेक माझ्याकडे राहतात. लेक नर्सिंगला आहे, शेवटचं वर्ष बाकी आहे आणि ते सगळं धाकटीच्या पगारावर चाललंय. त्यामुळे लाइन बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली तेव्हा तिची पाचावर धारण बसली.

कुजबुज खरी निघाली. मोठ्या ऑफिसला हीच लाइन तिकडे हलवायची होती. मॉडेल हेच, आतली जुळणी हीच, फक्त तिकडे नवा कारखाना आणि सोल्डरिंग मशीनवर. प्रश्न एकच होता, आवाजाचा. ऑफिसातून एक मॅडम तिकडचा सेट घेऊन येणार, शेजारी आपला सेट ठेवणार आणि मी न बघता ऐकून सांगणार. आपला उघड उघड सरस निघाला तर लाइन इथेच राहील, नाहीतर जाईल. आमच्या साहेबांनीच हे सगळ्यांना जमवून सांगितलं. मग काय, ज्यांनी कधी ओळख दाखवली नव्हती तेही चहा घेऊन खोलीत डोकवायला लागले. “कानशेठ, काय सांगायचं ते लक्षात आहे ना?” मी म्हणायचो, “ऐकू येईल ते.”

घरीही तेच. धाकटी ताट वाढता वाढता म्हणाली, “दादा, जरा इकडेतिकडे बोललास तर जीव जाणार आहे का तुझा?”

“जीव नाही जाणार. पण मग मी तिथे बसून करतो काय?”

“बस मग तुझं खरं कुरवाळत!” असं म्हणून तिने डाव भांड्यात आपटला आणि माझ्याशी बोलणं टाकलं.

ऐकायच्या दिवशी मॅडमनी दोन्ही सेट पडद्यामागे ठेवायला लावले होते. एक डावा, एक उजवा. त्यांचा माणूस पडद्याआड बटण फिरवणार. साहेब दाराशी उभे राहून रुमालाने मान पुसत होते. मी खुर्चीत बसलो, डोळे मिटले.

डाव्यात खुर्ची सरकली, ठीक सरकली. किल्ल्या पडल्या, पण टेबल लाकडाचं की पत्र्याचं ते कळेना. पाणी पडत राहिलं. बाई हसली. पास झाला असता, नाही असं नाही. मग उजवा लागला. खुर्ची सरकली आणि तिचा एक पाय अडकला तेसुद्धा ऐकू आलं. ग्लास काठापर्यंत भरला. शेवटी बाई हसली, थांबली, आणि ती थांबल्यावर त्या पलीकडच्या खोलीत जी शांतता झाली ती माझ्यापर्यंत आली. घरात बाई हसून गप्प झाली की होते तशी. माझ्या छातीत काहीतरी हललं. किती दिवसांनी हललं म्हणून मीच दचकलो. हा आपला सेट. माझ्या रोजच्या जेवणाची चव मला कळणार नाही का?

मी डोळे उघडले. “उजवा चांगला. आणि उजवा आपला आहे.”

मॅडम म्हणाल्या, “तेवढं विचारलं नव्हतं मी. पण कशावरून म्हणता?”

“ऐकून.”

त्यांनी पडदा सारला आणि उजवा सेट फिरवला. मागे पट्टी होती तिकडची. मग डावा फिरवला. त्यावर आपली.

मॅडम हसल्यासुद्धा नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पट्टीकडे बघत राहिलो आणि मनात म्हटलं, गेले. कान गेले. छातीत हललेलं ते तिथेच बसून गेलं. मॅडमनी सेट उचलायला सांगितलं आणि गाडीत बसल्या. साहेब भला माणूस. माझी शोभा होऊ नये म्हणून त्यांनी लाइनवर एवढंच सांगितलं, की आवाजात फरक आढळला नाही. हातातली ऑर्डर संपली की लाइन तिकडे जाणार.

बायका रडल्या, काही जणींनी मला शिव्या घातल्या. मी घरी येऊन हातपाय धुतले आणि जेवायला बसलो. भूक लागली होती, ही पण कमाल आहे. धाकटी समोर बसली. बऱ्याच दिवसांनी स्वतःहून बोलली.

“दादा, तुला एक सांगते, ओरडू नकोस. त्या पट्ट्या मी बदलल्या होत्या.”

मी घास ताटात परत ठेवला.

“आदल्या संध्याकाळी, मॅडमचा सेट येऊन पॅकिंगमध्ये ठेवला होता तेव्हा. पॅकिंगच्या बायका दारात उभ्या राहिल्या, मी स्क्रू काढले. तू खोटं बोलणार नाहीस हे मला पक्कं ठाऊक होतं. तू चांगल्यालाच चांगला म्हणणार. मग म्हटलं, चांगल्यावर आपली पट्टी लावून टाकू.” तिने पदराने तोंड पुसलं. “आणि शेवटी काय? फरकच नाही निघाला. उगाच जिवाला घोर.”

मला आधी तिच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. खरंच वाटली. मग तेही ओसरलं. चांगला म्हणजे तिकडचाच, हे तिने ऐकून ठरवलं नव्हतं. मशीनवर बनलाय, तिकडून आलाय, एवढं तिला पुरलं. स्वतःच्या हाताने सोल्डर केलेल्या सेटची पट्टी तिने स्वतःच काढली आणि दुसऱ्याला बहाल केली. आणि तिला नावं ठेवणारा मी कोण लागून गेलो? मीही पट्टी वाचून गप्प बसलोच की.

“जेव,” मी म्हटलं. “गार होतंय.”

सकाळी मी थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. कुणाचं नाव न घेता सांगितलं, की पट्ट्यांची अदलाबदल झाली होती, उजवा आपलाच होता, मॅडमना म्हणावं झाकण उघडा, हाताचं सोल्डर लगेच ओळखू येईल.

साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट बाजूला सारला. मग म्हणाले, “मला वाटलंच होतं. तुमचा अंदाज असा चुकत नाही. पण आता हे सांगायचं कसं? आपल्याच लोकांनी पट्ट्या बदलल्या म्हटलं, की आवाज कोण ऐकणार? म्हणतील, इथली माणसं लबाड आहेत. मग लाइन तर जाईलच, वर नाव घेऊन कुणाला तरी घालवायला लावतील.”

“मी बदलल्या म्हणून सांगा.”

“म्हणजे कुठला आपला ते तुम्हाला आधीच माहीत होतं. मग तुमच्या ऐकण्याला किंमत काय उरली?”

साहेबांनी चहा मागवला. मी तो प्यायलो आणि बाहेर आलो.

सोल्डरिंगच्या टेबलांमधून वाट काढत होतो तर धाकटीने हाक मारली. उरलेल्या ऑर्डरचं काम चालू होतं. तिच्या समोर अर्धा भरलेला सेट उघडा पडला होता. टाके एकसारखे, चकचकीत, एकही थेंब इकडेतिकडे सांडलेला नाही.

“साहेबांकडे कशाला गेला होतास?”

“रजेचं विचारायला.”

तिने आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. “दादा, खरं सांग हं. माझी शपथ आहे. दोन्हीत चांगला कुठला वाजत होता?”

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. खरं सांगितलं असतं तर तिला तिच्या हाताची किंमत कळली असती, आणि त्याच हाताने सगळ्यांची लाइन घालवली हेही त्याच क्षणी कळलं असतं. लेकीचं वर्ष, दारात उभ्या राहिलेल्या त्या बायका, सगळं जन्मभर तिच्या उरावर बसलं असतं. इतकी वर्षं मी ऐकून निकाल देतोय. खोटा निकाल मी त्या दिवशी पहिल्यांदा दिला.

“सारखेच होते,” मी म्हटलं. “काडीचाही फरक नव्हता.”

तिचा जीव भांड्यात पडला. खांदे खाली आले, ओठांवर थोडं हसूसुद्धा आलं.

“वाटलंच मला,” ती म्हणाली. “आपला चांगला असता तर आजवर कुणाला तरी कळलं असतं ना.” आणि पुढचा टाका घालायला ती सेटवर वाकली.