भिंती नसलेल्या घरातला रेडिओ

मित्रांनो, मी एक गंजलेला, मुका रेडिओ आहे. पण एके काळी जगाची खबर आधी माझ्या तोंडून निघे आणि मगच सामोआतल्या आमच्या गावाला कळे.

माझा जन्म जपानच्या कारखान्यातला. परदेशी कामाला गेलेल्या मुलाने मला आपल्या आईकडे, फुआतिनोकडे, पाठवले. ती चटया विणत असे. गावातल्या साऱ्या घरांसारखेच तिचे घर म्हणजे नुसते खांब आणि वर नारळाच्या झापांचे छप्पर. मधल्या खांबाला मी टांगलेला असे आणि विणणाऱ्या बायका भोवती बसत.

१९८९च्या नोव्हेंबरात मी सांगितले, बर्लिनची भिंत खुली झाली, लोक तिच्यावर चढून हसताहेत, रडताहेत. बायकांचे हात थांबले.

"भिंतीपायी एवढं रडायचं?" शेजारची लुपे म्हणाली.

"अगं, पलीकडे सख्खा भाऊ असला आणि वर्षानुवर्षं दिसला नसला, तर?" फुआतिनो म्हणाली. "तुला काय कळणार! माझ्या चुलीवर काय शिजतंय ते तुला तुझ्या घरातून दिसतं."

तेव्हापासून तिला जगाचा लळाच लागला. डिसेंबरात पनामात सैन्य उतरले, रुमानियातली सत्ता उलथली. ती सारे कान देऊन ऐके. माझे सेल मात्र खंगत चालले. ती ते उन्हात तापवून पुन्हा घाले. तिचा धाकटा भाऊ सेफो गावचा पुढारी होता. तो चिडवायचा, "ताई, जगाची उठाठेव पुरे. वादळाची सूचना येईल तेव्हा हा तुझा लाडका नुसता खोकेल!"

फेब्रुवारीत एके दिवशी समुद्र फुगू लागला. सेफो त्याच रात्री होडीतून पाहुण्यांना शेजारच्या बेटावर लग्नाला नेणार होता. वादळ बाजूने जाईल, असे दुपारी मीच सांगितले होते. पुढची सूचना नेमकी सांजप्रार्थनेच्या वेळी होती. आमच्याकडे शंख वाजला की ज्याने त्याने आपल्या घरात प्रार्थनेला बसायचे. कोणी रस्त्यावर दिसला, तर त्याला एक डुक्कर दंड. रस्त्यावर पहारा असे तो खुद्द सेफोचाच.

शंख वाजला. फुआतिनोने मला चटईखाली घेऊन बटण फिरवले. देवाची भीती तिला होतीच, पण भावाची काळजी त्याहून मोठी होती. मी उरलासुरला जीव एकवटून सांगितले, वादळ वळले आहे, रात्रीत आपल्यावर येईल. तेवढ्यात माझा आवाज बसला.

ती उठली आणि भर प्रार्थनेत रस्त्यावर आली. आडोसा कसला तो नाहीच, सारा गाव बघत होता.

"ताई! प्रार्थना चाललीय!" सेफो दबक्या आवाजात ओरडला.

"मला दिसतंय. होडी वर ओढ. वादळ वळलंय."

"दंड पडेल तुला."

"घे दंड. आधी माणसं हलव."

बहिणीचा शब्द भावाने खाली पडू द्यायचा नाही, अशी आमची रीत. सेफोने स्वतःच शंख फुंकून प्रार्थना मोडली. सारा गाव दगडी चर्चमध्ये जाऊन बसला. वादळाने आमचे छप्पर नेले, केळी झोपवली, पण माणूस एकही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी गावाची बैठक भरली. सेफोने खड्या आवाजात दंड सुनावला, एक डुक्कर.

"कसला मेला भाऊ हा!" लुपे कुजबुजली.

सेफो उठला आणि आपल्याच घरचे डुक्कर ओढत घेऊन आला. "दंड ताईचा, डुक्कर माझं," तो म्हणाला. "ती काल गप्प बसली असती, तर हेच आज माझ्या मयताला कापलं असतं." त्या डुकरावर सारा गाव जेवला.

पुढे काही दिवसांनी, तिने सेल उन्हात तापवून घातल्यावर, मी सांगितले की दक्षिण आफ्रिकेत सत्तावीस वर्षांनी एक कैदी सुटला. छप्पर नसलेल्या घरात बसून फुआतिनो आनंदाने रडली.

मग गावात टीव्ही आला. फुआतिनो वारली. माझ्यातले सेल काढायचे राहून गेले. ते पाझरले आणि माझे आतडे खाऊन गेले. मित्रांनो, जुन्या रेडिओतले सेल तेवढे वेळेवर काढून ठेवा. आणि क्षीण आवाजात कोणी काही सांगत असेल, तर जवळ जाऊन ऐका. म्हातारा सेफो अजून रोज प्रार्थना संपली की माझे बटण फिरवतो, कान लावतो आणि म्हणतो, "बोल ताई."