बांधलेली होते, तरी बुडाले

मी लुलुआ बोलतेय. वादळात सापडून बुडालेल्या, खडकावर आपटून फुटलेल्या होड्यांच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. मला त्यांचा हेवा वाटतो. मी धक्क्याला चार दोरांनी बांधलेली होते, समुद्र ताटातल्या पाण्याइतका निवांत होता, आणि तरी बुडाले. त्यातही एकटी नव्हते. माझ्या पोटात एक माणूस झोपला होता.

होड्या शूर असतात असं माणसांना वाटतं. मी जन्मापासून भित्री आहे. शारजाजवळच्या एका कारखान्यात काचतंतूंच्या कापडाचे थर एकावर एक चिकटवून मला घडवलं. साच्यातून निघाले तेव्हा अंग अखंड, गुळगुळीत होतं. मग एक कारागीर ड्रिल घेऊन आला आणि माझ्या तळाला भोकं पाडू लागला. एक संडासाचं, एक मासे जिवंत ठेवायच्या टाकीचं, तीन पाण्याखालच्या निळ्या दिव्यांची, एक एसीचं. गरिबाच्या मासेमारीच्या होडीला तळाशी एकही भोक नसतं. होडी जितकी महाग, तितकी तिच्या बुडाला भोकं जास्त, हे मी त्या दिवशी शिकले. प्रत्येक भोकाला एक पाइप, पाइपाला आवळून धरणारी एक क्लिप, आणि बाहेर अख्खा समुद्र. तेव्हापासून मी पाण्याला भिते आहे.

मला कुवेतच्या बर्राकने विकत घेतलं. बर्राक फरशांचा व्यापारी, वय पंचेचाळीसच्या आसपास, पोट सुटलेलं, हसरा. थोरल्या मुलीच्या नावावरून सगळे त्याला बू-सबीका म्हणायचे, म्हणजे सबीकाचा बाप. मला त्याने आपल्या आईचं नाव दिलं. पहिल्या दिवशी आत उदाचा धूर फिरवला आणि नाळेला, म्हणजे माझ्या पुढच्या टोकाला, हात लावून दुआ म्हटली. माणूस वाईट नव्हता. माझ्यावर त्याचा जीव होता, पण तो जीव डोळ्यांना दिसेल तेवढ्यापुरताच होता. काचा रोज पुसल्या जायच्या, कातडी गाद्यांना दर आठवड्याला तेल लागायचं. माझ्या तळाशी मात्र त्याने कधी डोकावून पाहिलं नाही. श्रीमंत घरात पाहुणा दिवाणखान्यात बसतो, मोरी बघत नाही, तसा तो माझा मालक असून पाहुणाच राहिला.

त्याचा एक हुकूम होता. एसी कधी बंद करायचा नाही, आत कोणी असो वा नसो, नाहीतर कातड्याला कुबट वास येतो. माझा एसी समुद्राचंच पाणी ओढून गार होतो. म्हणजे ते भोक बंद करायचा कॉक कायम उघडा. तीन उन्हाळे तो फिरवलाच नाही, आणि शेवटी तो जाग्यावर आखडून बसला.

मी आले तेव्हा पाठीमागे दोन इंजिनं होती. बर्राकच्या चुलतभावाच्या होडीला चार निघाली, मग मलाही चार हवीत. नाकापेक्षा मोती जड झाला. माझं बूड खाली बसलं. डेक धुतल्यावर पाणी बाहेर जावं म्हणून मागे जी छिद्रं ठेवली होती, ती समुद्राच्या बरोबरीला आली आणि शेजारून कोणी जोरात गेलं की त्यांतून पाणी उलटं वर यायचं. बर्राकचे मित्र म्हणायचे, बरंय, पाय गार होतात. संध्याकाळी ते डेकवर बैठक घालायचे, चहा प्यायचे, टरबुजाच्या भाजलेल्या बिया फोडायचे आणि टरफलं जागीच टाकायचे. सकाळी पाण्याबरोबर ती टरफलं माझ्या तळाशी यायची.

तळाशी एक छोटा पंप आहे. पाणी साठलं की तो आपोआप सुरू होतो, पाणी बाहेर फेकतो आणि थांबतो. माणसांना हा पंप फार आवडतो, कारण तो त्यांना काही कळू देत नाही. गेल्या वसंतात एसीच्या पाइपाची क्लिप गंजली. दोन हव्या होत्या, मला एकच दिली होती. आधी थेंब थेंब, मग धार. पंप दिवसातून चारदा चालायचा तो तासातून चारदा चालू लागला. वरून मी तशीच चकाचक. शेजारच्या होड्या बघून मला वाटायचं, यांच्याही पोटात हेच चाललं असेल, आणि आम्ही सगळ्या सजून-धजून ओळीने उभ्या आहोत.

हे ओळखू शकणारा एकच माणूस धक्क्यावर होता. शहाता. इजिप्तमधल्या दमियात्ताकडचा म्हातारा कोळी, दहा-बारा होड्यांची राखण करायचा. सगळे त्याला रइस म्हणायचे, म्हणजे तांडेल. त्याची एक रीत होती. होडीच्या तळाशी पाणी दिसलं की त्यात बोट बुडवायचा आणि जिभेला लावायचा. गोडं लागलं तर एसीचा घाम, चिंता नाही. खारट लागलं तर समुद्र घरात शिरला. यापेक्षा खात्रीचं यंत्र मी पाहिलेलं नाही.

पण गेल्या वर्षीच्या रमजानात सवयीने त्याचं बोट जिभेला लागलं, आणि बर्राकने ते पाहिलं. शहाताने लगेच थुंकून टाकलं होतं, रोजा काही मोडला नव्हता. तरी बर्राकने संध्याकाळी बैठकीत सगळ्यांना रंगवून सांगितलं. "आपण खजुराने रोजा सोडतो. आमचे रइस दुपारीच सोडतात, माझ्या होडीच्या गटाराने." बैठक खो-खो हसली. शहाताही हसला आणि रिकामे पेले गोळा करू लागला. महिनाभर धक्क्यावर जो तो त्याला विचारायचा, रइस, आज काय चाखलंत? चाळीस वर्षं एकही रोजा न चुकवलेला माणूस तो.

या वर्षी रमजान जूनमध्ये आला. दुपारी धक्क्यावर अनवाणी पाय ठेवला तर फोड यावा असं ऊन. माझ्या घाताच्या दिवशी दुपारच्या, जुहरच्या नमाजानंतर शहाताने माझी मागची झडप उचलली. पाणी होतं, नेहमीपेक्षा जास्त. त्याने बोट बुडवलं. बोट ओठांपर्यंत गेलं आणि थांबलं. मी मनात म्हणत होते, लाव रे बाबा जिभेला, एकदा लाव. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि बोट सदऱ्याला पुसलं.

तेवढ्यात बर्राक आला. रात्रभर जागरण, पहाटे सहरीचं जेवण, दुकानात दोन तास, आणि आता घरातल्या गोंगाटापासून दूर माझ्या गार खोलीत झोप. त्याचा हा रोजचाच नेम होता.

"बू-सबीका, पोटात पाणी आहे थोडं," शहाता म्हणाला. "एसी तासभर बंद ठेवू या का? पाइप बघतो."

"या उन्हात? मी आत उकडून मरू?" बर्राक जांभई देत म्हणाला. "एसीचंच पाणी आहे ते, दर उन्हाळ्यात येतं. चाखायचं असेल तर मगरिबला रोजा सुटेल, पाच तास आहेत, रइस. जरा धीर धरा."

शहाता हसला. मला ते हसणं बघवलं नाही.

बर्राकने सरकतं दार आतून लावलं. पुढच्या टोकाशी त्याची गादी. तिच्या वर छतात एक झडप आहे, पण दिवसा उजेड नको म्हणून त्याने तिच्यावर बाहेरून जाड आच्छादन टाकून पट्ट्यांनी आवळून ठेवलं होतं. अझानला फोन वाजेल, तोवर उठवू नका, असं सांगून तो आडवा झाला आणि घोरू लागला.

तिसऱ्या प्रहरच्या असरच्या नमाजानंतर केव्हातरी क्लिप तुटली. आवाज झाला, टिचकी मारल्यासारखा. पाइप सुटला आणि मनगटाएवढी धार आत उसळली. पंप धावून आला, दहा मिनिटं झगडला, मग टरफलं त्याच्या चाकात अडकली आणि तो गुरगुरत बंद पडला. आता माझ्या आणि समुद्राच्या मध्ये काहीच उरलं नव्हतं.

बुडत्याचा पाय खोलात म्हणतात. माझा पाय म्हणजे ती चार इंजिनं. बूड बोटभर खाली गेलं, तशी मागची छिद्रं पाण्याखाली गेली आणि तिकडूनही पाणी सुरू झालं. मी जितकी खाली जात होते तितकं जास्त पाणी येत होतं. विजेच्या तारा भिजल्या, एसी थांबला. मला वाटलं, आता हा उकाड्याने उठेल. तो कूस बदलून झोपला. रमजानातली दुपारची झोप मेल्यासारखी असते. मला ओरडता येत असतं तर सगळं बंदर गोळा केलं असतं. मला फक्त कुरकुरता येतं, आणि बांधलेल्या होडीच्या कुरकुरीकडे कोण लक्ष देतं?

पाणी उंबऱ्यावरून खोलीत आलं. बर्राकच्या चपला तरंगल्या. पाणी गादीला लागलं आणि पायाला ओल लागताच तो उठला. अंधार होता. त्याने पाय खाली टाकला तो गुडघ्यापर्यंत पाण्यात. आधी एसीला शिवी दिली, मग त्याला कळलं. दाराशी गेला, ओढलं. बाहेरच्या पाण्याने दार आत दाबून धरलं होतं, ते हललं नाही. त्याने काचेवर मुठी मारल्या. मग तो आईला हाक मारू लागला. लुलुआ, लुलुआ. ते आईचं नाव होतं आणि माझंही, आणि मी काही करू शकत नव्हते. ज्याला मी पोटात घेतलं त्यालाच मी बुडवत होते. याहून मोठी भीती मला ठाऊक नाही.

धक्क्याच्या टोकाला राखणदारांची पंगत बसली होती. खजूर, ताक, मसुरीचं सार समोर मांडलेलं, आणि सगळे अझानची वाट बघत होते. शहाता मध्येच उठला. कोणीतरी म्हणालं, रइस, सात मिनिटं राहिलीत, बसा की. तो माझ्याकडे यायला निघाला, आधी चालत, आणि माझे मागचे दोर ताणून काठीसारखे ताठ झालेले दिसताच धावत. साठी उलटलेला, दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेला माणूस उडी मारून माझ्या नाळेवर आला. चाकूने पट्ट्या कापल्या, आच्छादन भिरकावलं, झडप उघडली. आतून दोन हात वर आले. तोवर बाकीचेही पोचले होते. तिघांनी मिळून बर्राकला बाहेर ओढलं, तेव्हा आत पाणी त्याच्या हनुवटीपर्यंत होतं.

अझान झाली. कोणीतरी बर्राकच्या हातात पाण्याची बाटली दिली. माझी नाळ तेवढी वर राहिली होती. तिच्याकडे बघत तो लहान मुलासारखा म्हणाला, "पण बांधलेली होती ना?"

"दोराने होडी जागेवर राहते, बू-सबीका," शहाता म्हणाला. "तरंगत नाही."

चार दिवसांनी क्रेनने मला वर काढलं आणि शहराबाहेर होड्या दुरुस्त करायच्या एका आवारात ठोकळ्यांवर ठेवलं. बर्राक एकदाही आला नाही. त्याला आता बंद खोलीत झोप येत नाही, असं कोणीतरी बोललं. ईदनंतर शहाता मात्र आला. तो कायमचा गावी चालला होता. आवारात कोणी नव्हतं. त्याने माझ्या तळाशी हात ठेवला.

"लुलुआ, मला कळलं होतं," तो म्हणाला. "असरच्या नमाजाआधी हातपाय धुऊन वजू करताना सदऱ्यावर बघितलं. बोट पुसलं होतं तिथे पांढरा डाग होता. मीठ होतं ते. म्हटलं, पंप चालू आहे, मगरिबपर्यंत निभेल. उठवायला गेलो असतो आणि काही निघालं नसतं, तर परत हसले असते. मी समुद्राला कधी भ्यालो नाही. त्या हसण्याला भ्यालो."

मला त्याचा राग आला नाही. मी आयुष्यभर एकाच पाण्याला भीत आले. माणसांना कशाकशाला भ्यावं लागतं, ते मला त्या दिवशी समजलं.

पुढे मला एका दलालाने घेतलं. गाद्या नव्या केल्या, मोत्याच्या रंगाचं कातडं लावलं, निळे दिवे बदलले. एसीच्या पाइपाला क्लिप लावली, पुन्हा एकच. कॉक तसाच आखडलेला. परवा मला पाण्यात उतरवलं आणि चार नव्या कोऱ्या दोरांनी धक्क्याला बांधलं. आज एक जोडपं बघायला आलं. नवऱ्याने वेग विचारला, गाणी किती मोठ्याने वाजतात ते विचारलं. त्याची बायको पुढच्या खोलीत गेली, गादीवर आडवी झाली आणि डोळे मिटून म्हणाली, "किती गार आहे इथे. मला तर आत्ताच झोप येतेय."

तळाशी पंप नुकताच एकदा चालून थांबला आहे. बाई, झोपू नका. मी हात जोडले असते, पण मला हात नाहीत. आधी मागची झडप उचला, आत बोट बुडवा, आणि कोणी कितीही हसलं तरी ते जिभेला लावून बघा.