एक्केचाळीस नंबर

सिस्टरनं हातातली पिशवी पायरीवर ठेवली, चपला न काढताच ती मागच्या अंगणातल्या वाफ्यापाशी गेली आणि तिथेच थबकली. वाफ्यात आयरिसची साठ झाडं होती. साठही हिरवीगार, तरतरीत, कुठे कीड नाही की कूज नाही. पाटी मात्र एकाही झाडापाशी नव्हती.

"अहो, पाट्या कुठे गेल्या?"

तिचा नवरा, पेंटर, ती लेकीकडे गेल्यापासून तीन आठवडे याच प्रश्नाची वाट बघत होता. तो लगबगीनं आत गेला आणि दोन्ही हातांत ट्रे धरून बाहेर आला. ट्रेमध्ये पत्र्याच्या साठ पट्ट्या ओळीनं मांडलेल्या होत्या. पांढऱ्या तेलरंगावर काळे, घोटीव आकडे. एक ते साठ, अगदी क्रमानं.

"तुझी पेन्सिल पार पुसत चालली होती," तो म्हणाला. "आता वीस वर्षं तरी ही अक्षरं हलायची नाहीत."

सिस्टर पट्ट्यांकडे बघत राहिली. मग तिनं वाफ्याकडे बघितलं, मग पुन्हा पट्ट्यांकडे. पेंटरला वाटलं, आनंदानं बोलती बंद झाली बिचारीची.

"आणि कुठली कुठे होती?" तिनं हळूच विचारलं.

पेंटरनं ट्रे हळूच पायरीवर ठेवला.

आता यात त्याचं अगदीच चुकलं असं म्हणवत नाही. चाळीस वर्षं त्यानं दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. पाटी उतरवायची, घरी आणायची, घासायची, रंगवायची आणि पुन्हा नेऊन टांगायची. पाटी उतरवली म्हणून औषधांच्या दुकानात कधी चपला विकायला लागले नव्हते. दुकान आपल्या जागी असायचं आणि रस्त्यावरच्या कुणालाही ते कुठलं हे सांगता यायचं. आयरिसची झाडं, फूल नसताना, सगळी एकसारखी दिसतात हे त्याला माहीत नव्हतं असं नाही, पण ते त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्यातून लेकीच्या बाळंतपणाला जाताना सिस्टरनं बजावलं होतं, पाणी घालू नका, खत घालू नका, आणि कंद उघडे पडलेत म्हणून दया येऊन वर माती ओढू नका, त्यांना पाठीवर ऊन लागतं. पेंटरनं हे सगळं तंतोतंत पाळलं. मग रिकाम्या माणसानं करायचं काय?

जुन्या पट्ट्या, डब्यांची झाकणं कापून केलेल्या, त्यानं आकडे उतरवून घेतल्यावर कचऱ्यात टाकल्या होत्या.

सिस्टर पायरीवर बसली. ही बाई तीस वर्षं नवजात बाळांच्या वॉर्डात होती. मनगटाला पट्टी बांधल्याशिवाय तिनं कुठलं बाळ पाळण्यात ठेवलं नव्हतं की आईच्या हातात दिलं नव्हतं. निवृत्तीनंतरही गल्लीतले सगळे तिला सिस्टरच म्हणत, आणि नवराही त्यांचं ऐकून तेच म्हणायला लागला होता. पेंटरला वाटलं, आता फुटणार. चांगली खरडपट्टी निघणार. पण तिनं ट्रेमधली एक पट्टी उचलली, उन्हात धरली आणि म्हणाली, "अक्षर मात्र छान आलंय हो."

त्यापेक्षा तिनं चार शब्द सुनावले असते तर पेंटरला बरं वाटलं असतं. तिच्या हातातल्या पट्टीवर एक्केचाळीस लिहिलं होतं.

एक्केचाळीस नंबरासाठी सिस्टरनं अकरा वर्षं घालवली होती. पेंटरनं टाकून दिलेला बारीक ब्रश घेऊन ती सकाळी बागेत जायची. एका फुलातला पराग उचलून दुसऱ्या फुलाला लावायची, शेंग धरेपर्यंत रोज बघायची, बी पेरायची आणि मग दोन-तीन वर्षं फुलाची वाट बघायची. फूल आलं की ते नीट न्याहाळून झाड उपटायची, कारण हे पूर्वी झालंय, किंवा याची दांडी लेचीपेची आहे, किंवा याच्या खालच्या पाकळ्या लोंबतात. अशी तिनं नऊशे तरी झाडं उपटली असतील. पेंटरचा जीव हळहळायचा, पण ती एकदा नाही म्हणाली की नाही. मग एका वसंतात एक्केचाळीस फुललं. वरच्या पाकळ्या दूध घातलेल्या चहाच्या रंगाच्या, खालच्या थोड्या गडद, आणि त्यांच्यावर जी केसाळ पट्टी असते, जिला दाढी म्हणतात, ती चक्क निळी.

"असली दाढी माणसाला आली तर दवाखान्यात नेतील," पेंटर म्हणाला होता.

सिस्टर हसली नव्हती. ती त्या फुलापुढे गुडघे टेकून बसली होती आणि पेंटरनं तिला असं गप्प झालेलं लेक झाली तेव्हा बघितलं होतं, त्यानंतर कधी नाही.

हौशी लोकांच्या एका मंडळाची परीक्षण बाग होती. वर्षातून एकदाच, ठरलेल्या दहा दिवसांत, तिथे नव्या जातीचे तीन कंद पोचवायचे. ते लोक कंद लावणार, दोन वर्षं बघणार, आणि पसंत पडलं तर जातीला नाव मिळणार. सिस्टरनं आजवर तिथे काहीच पाठवलं नव्हतं. एक्केचाळीस हे पहिलं. यंदाची मुदत संपायला सहा दिवस उरले होते.

तिची वही होती, पण वहीत रंग, उंची आणि दांड्यांची संख्या होती. जागा नव्हती. दोन वर्षांपूर्वी पाण्याची लाइन फुटून वाफ्याचं तळं झालं, तेव्हा तिनं सगळी झाडं भराभर उचलून जिथे कोरडं सापडलं तिथे लावली होती. पाट्या होत्या ना जवळ.

त्या दिवशी पेंटर जेवला नाही. डोकं दुखतंय म्हणाला.

सकाळी शेजारच्या वहिनींनी भिंतीवरून डोकावून सगळी हकीकत काढून घेतली आणि म्हणाल्या, "पेंटरभावजी, बायकोवर एवढं प्रेम बरं नव्हे हो!"

एरवी पेंटरनं चांगलं सुनावलं असतं. आज त्यानं पट्ट्यांचा ट्रे उचलला आणि वाफ्याकडे गेला.

सिस्टर तोवर गोणपाट अंथरून वाफ्यात बसली होती. तिनं पहिल्या झाडाची पानं बाजूला केली, बुडाशी बोट फिरवलं आणि वही न उघडता म्हणाली, "हे बारा. बुडाशी जांभळी झाक आहे बघा. पट्टी द्या."

पेंटरनं बारा नंबर पुढे केला.

"हे चौतीस. याची पानं टोकाला मुरडतात. लहानपणापासूनच." मग पुढचं. "हे सात. सात फार पसरतं, शेजाऱ्याच्या अंगावर हात टाकून झोपतं."

"आणि हे?"

"थांबा." तिनं कंदावरची माती फुंकली. मागच्या बहराच्या दांड्यांचे वाळलेले व्रण मोजले, वही उघडली, बंद केली. "अठ्ठावीस. पानाला हात लावून बघा, कसं जाड लागतं."

पेंटरनं हात लावला. मग शेजारच्या पानाला लावला. त्याला शपथेवर काही फरक कळला नाही. चाळीस वर्षं आपण नजरेवर पोट भरलं याचा त्याला अभिमान होता. लांबून बघून तो पाटीची लांबी बोटभर फरकानं सांगायचा. पण हे काही वेगळंच होतं. ही बाई प्रत्येक पान आधी कधीतरी बघून ठेवल्यासारखी बोलत होती, आणि बघून ठेवलं होतंच तिनं. तो रोज सकाळी खिडकीतून बघायचा तेव्हा त्याला वाटायचं, ही नुसती फेऱ्या मारतेय.

पहिल्या दिवशी एकवीस झाडं ओळखून झाली. दुसऱ्या दिवशी उन्हानं तिचे डोळे लाल झाले, गुडघे धरले, तरी आणखी तेवीस. पेंटरनं छत्री धरली, पाणी आणून दिलं, तिचे गुडघे चोळले. ताटावर मात्र नुसता बसून उठायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीन झाडं उरली. ट्रेमध्येही तीनच पट्ट्या होत्या. एकोणीस, एक्केचाळीस, बावन्न. तिन्ही एकाच शेंगेतली भावंडं.

सिस्टरनं तिन्ही झाडांची पानं बघितली. बुडं बघितली. व्रण मोजले, तिन्हींना दोन-दोन होते. पानं चुरगाळून वास घेतला. मग पहिल्यापासून पुन्हा सगळं केलं. पेंटर छत्री धरून उभा होता. त्याच्या मनात आलं, हिला म्हणावं, तिन्ही पाठव. पण मंडळाचा नियम एका माणसाला एकच जात असा होता, आणि हे तिनंच त्याला सांगितलं होतं.

तिनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मधल्या झाडावर हात ठेवला.

"हे एक्केचाळीस."

"नक्की?"

"अहो, माझ्या हातचं झाड मला नाही कळणार?"

पेंटरनं छत्री मिटली. त्यानं स्वतःच्या हातानं ते झाड खणलं, तिनं सांगितले ते तीन कंद वेगळे केले, पानं पंख्यासारखी आखूड कापली, मुळं धुऊन सुकवली, कागदात गुंडाळली. उरलेलं झाड जागच्या जागी लावून पट्टी रोवली, बाकीच्या दोन पट्ट्याही तिनं सांगितलं तशा रोवल्या. पार्सलवर पत्ता असा रंगवला की पोस्टातला माणूसही दोनदा बघत राहिला. घरी येऊन तो पोटभर जेवला, वर मागून घेतलं, आणि ताटावरच पेंगायला लागला.

मग थंडीभर त्याला दुसरा विषय नव्हता. केस कापणाऱ्यापासून लेकीच्या सासऱ्यांपर्यंत प्रत्येकाला त्यानं ऐकवलं. "साठ झाडं, साठ! फूल नाही, पाटी नाही. नुसत्या हातानं ओळखली." सिस्टर समोर असली की म्हणायची, "पुरे हो." पण तो कुठला थांबतोय.

वसंत आला आणि फुलं यायला लागली. पेंटर सकाळी वही काखेत मारून वाफ्यात जायचा आणि ताडून बघायचा. बारा, वहीत जांभळं, फुललं जांभळं. चौतीस बरोबर. सात बरोबर. अठ्ठावीस, तेसुद्धा बरोबर. सत्तावन्नपैकी सत्तावन्न. प्रत्येक फुलामागे त्याची छाती इंचभर फुगत होती.

त्या दिवशी तो नेहमीपेक्षा लवकर गेला. एक्केचाळीस लिहिलेल्या झाडावर पहिलं फूल उमललं होतं. ते पिवळं होतं. साधं, लिंबासारखं पिवळं, वहीत एकोणीस नंबरापुढे लिहिलेलं. आणि दोन हात पलीकडे, एकोणीसच्या पट्टीमागे, चहाच्या रंगाचं एक फूल निळी दाढी घेऊन उभं होतं.

पेंटरनं वही पुन्हा उघडून बघितली. परीक्षण बागेत मग काय गेलं? अकरा वर्षांनंतर तिच्या नावावर तिथे हे पिवळं उगवणार? पण ते सगळं नंतर. आत्ता ती उठेल, बाहेर येईल, आणि तिला कळेल की आपला हात चुकला. सबंध वाफ्यात एकच चुकला, आणि तोही इथे. ज्या हाताचं त्यानं गावभर कौतुक सांगितलं, त्या हातावरचा तिचा विश्वास जाईल. त्यानं इकडेतिकडे बघितलं, दोन्ही पट्ट्या उपसल्या आणि अदलाबदल करून पुन्हा रोवल्या.

"वाकडी लावलीत," मागून आवाज आला.

सिस्टर पायरीवर उभी होती. पेंटरनं मातीचे हात पाठीमागे नेले.

"फुललं बघ एक्केचाळीस," तो म्हणाला.

ती जवळ आली. फुलाकडे बघताना तिचा चेहरा इतका उजळला की पेंटरला क्षणभर वाटलं, जमलं आपलं. मग ती त्याच्याकडे वळली.

"मी त्यांना तेव्हाच पत्र टाकलंय. पार्सल गेलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. कंदांची खात्री नाही, यंदा माझं नाव घालू नका, म्हणून."

पेंटरला आधी काही उमजेना. "तेव्हाच? म्हणजे तुला माहीत होतं, हे नव्हे म्हणून?"

"हे नव्हे हेही माहीत नव्हतं. तिन्ही सारखीच होती हो. कुणालाही ओळखता आली नसती."

"मग वर्ष गेलं की तुझं."

"गेलं." ती खाली वाकली आणि पाकळीवर चढलेली मुंगी तिनं बोटावर घेतली. "वाईट वाटलं मला. खूप वाटलं."

"अगं, मग त्या दिवशी इतकं ठाम का सांगितलंस?"

"तीन दिवस तुम्ही धड जेवला नव्हतात," सिस्टर म्हणाली, मुंगी गवतावर सोडली आणि चहा टाकायला आत गेली.

पेंटर पट्टी सरळ करायला खाली बसला. आकडे त्यानंच काढलेले होते, चांगले ठळक, पण बराच वेळ त्याला ते दिसेनात.